दहावीच्या पाठात चित्रपट दिसू द्या

मा. संचालक,
बालभारती, पुणे
यांस,

दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात ‘मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास’ हा पाठ घालून तुम्ही कीर्तन, भारूड, तमाशा यांच्या पंगतीला चित्रपटालाही बसवलंत, याबद्दल आधी मनापासून आभार. शिंदखेड्यात हा पाठ शिकवताना मात्र एक गोष्ट दरवर्षी डाचते. दादासाहेब फाळके, ‘राजा हरिश्चंद्र’, १९१३ हे मुलं चोख पाठ करतात, टिपा लिहितात, गुणही मिळवतात. फाळक्यांच्या चित्रपटातलं एकही दृश्य त्यांनी पाहिलेलं नसतं. कविता न वाचता कवीचं जन्मगाव घोकावं, तसं हे चाललं आहे.

‘कालिया मर्दन’ घ्या, १९१९चा. सुरुवातीलाच एका लहान मुलीचा चेहरा समोर येतो. ही फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. ती एकामागून एक भाव चेहऱ्यावर आणते आणि मग पाहता पाहता कृष्ण होते. काही मिनिटांचा हा भाग. पण वर्गात तो दाखवला, तर विचारण्यासारखं किती आहे! आवाज नसताना राग कळला कसा? बाया पडद्यावर यायला तयार नसत, त्या काळात बापाने पोटच्या मुलीला कॅमेऱ्यासमोर उभं केलं, याचा अर्थ काय? गोष्ट सुरू होण्याआधी तिची ओळख का करून दिली? लिखित, मौखिक, भौतिक अशी इतिहासाची साधनं आपण शिकवतोच. चित्रपटही साधन आहे, पण ते डोळ्यांनी वाचावं लागतं, आणि हे वाचन शिकवावं लागतं.

आजच्या चित्रपटांतही असं वाचण्यासारखं असतं. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ या चित्रपटात धरलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन नायक जब्याच्या घरचे शाळेच्या भिंतीजवळून जातात. भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई, गाडगेबाबा यांची चित्रं. त्यावर कोणी काही बोलत नाही. दिग्दर्शकाने ती भिंत चौकटीत का घेतली, एवढ्या एका प्रश्नावर पंधरा वर्षांचं मूल जे लिहील, ते कुठल्याही गाइडात सापडणार नाही.

साधनं नाहीत, ही सबब आता चालणार नाही. आमची मुलं रोज मोबाइलवर अहिराणी व्हिडिओ बघतात, काही जण करतातही. शेजारच्या मालेगावात नासिर शेख यांनी सायकलवर कॅमेरा फिरवून सिनेमे काढले. फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याचा कोंब रोज थोडा थोडा टिपून ‘अंकुराची वाढ’ हा चित्रपट केला; तोच प्रयोग आमची मुलं कपाशीच्या सरकीवर करतील. बुराई नदी, दोंडाईच्याचा मिरची बाजार हे विषय तर दारातच आहेत.

फ्रान्समध्ये १९८९ पासून माध्यमिक शाळेतली मुलं शिक्षकांबरोबर चित्रपटगृहात जाऊन निवडक चित्रपट पाहतात आणि वर्गात त्यांवर काम करतात. आम्ही तेवढं मागत नाही. चित्रपट हा स्वतंत्र विषय पुढे कधी होईल तेव्हा होवो.

नव्या अभ्यासक्रमात दहावीच्या पुस्तकाची पाळी येईल, तेव्हा एवढं करा. पुस्तकात क्यूआर कोड असतोच. त्यामागे ‘कालिया मर्दन’चा तो सुरुवातीचा भाग ठेवा. त्यावर आता कोणाचा स्वामित्वहक्क उरलेला नाही, आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय तुमच्याच पुण्यात आहे. स्वाध्यायात ‘दृश्य पाहा आणि लिहा’ असा एक प्रश्न द्या, आणि त्याला गुण ठेवा. वर्गात वेळ त्यालाच मिळतो, जे परीक्षेला येतं.

आपला नम्र,
इतिहास शिक्षक, शिंदखेडा