कवटी कोणाची?

मानववंशशास्त्राने माणसाची प्रतिष्ठा राखावी, असे म्हटले की विद्वान मंडळी दोन सबबी पुढे करतात: शास्त्र भावनाशून्य असते, आणि त्या काळी तसेच चालत असे.

आजच्या नामिबियात १९०४ ते १९०८ या काळात जर्मन साम्राज्यशाहीने हेरेरो व नामा लोकांचा वंशसंहार केला. मृतांच्या कवट्या बर्लिनच्या संशोधकांकडे रवाना झाल्या. त्यांवरील मांस काचेच्या तुकड्यांनी खरवडण्याचे काम बंदिवान हेरेरो स्त्रियांवर लादले गेले. ‘त्या काळी’ या स्त्रियाही जगतच होत्या. त्यांचे मत कोणी विचारले?

याच वसाहतीत १९०८ साली मिश्रवंशीयांची मोजमापे घेणारे ऑयगेन फिशर पुढे बर्लिनच्या संस्थेचे संचालक झाले. तेथे त्यांच्या हाताखाली इरावती कर्वे यांनी कवट्या मोजल्या आणि गुरूच्या अपेक्षेविरुद्ध निष्कर्ष मांडला: कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध नाही. फिशर मात्र नाझी वंशवादावर शास्त्राची झूल चढवीत राहिले. सत्य सांगायला भावनाशून्यता पुरत नाही, निर्भयता लागते.

पण तेवढ्यानेही भागत नाही. कवटी कोणाची, हे मोजपट्टी विचारीत नाही. बर्लिनहून पहिल्या वीस कवट्या नामिबियात परतल्या त्या २०११ साली!

आदिवासी विद्यार्थ्याला वर्गात बाक दिला की समावेश झाला, असे मानणाऱ्यांना आमचा सवाल आहे: ज्याचे मोजमाप घ्यायचे, त्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार आहे काय? तो नाकारणारे शास्त्र कितीही अचूक असो, ते धन्याच्या पेढीवरचे हिशेबनीसच ठरते.