लिनक्सवर बॅटरी वाचवायची? मग ‘ऑप्शनल’ पॅकेजची यादी आधी वाचा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. ज्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालत नाही, त्यांच्यासाठी लिनक्स हा बिनपैशाचा पर्याय. पण जुनी बॅटरी आधीच दमलेली. म्हणून टीएलपी टाकायला जावं, तर समोर ‘ऑप्शनल’ पॅकेजची यादी येते. सगळी टाकायची का?

नाही. पण न वाचता सोडायचीही नाही.

ही पॅकेज नसली तरी टीएलपी चालतं. प्रत्येकाचं एकेक जादा काम असतं. स्मार्टमॉनटूल्स असेल तर टीएलपीच्या रिपोर्टमध्ये डिस्कची तब्येत दिसते. इथटूल लागतं ते नेटवर्क केबलवरून लॅपटॉप जागा करण्याची सोय बंद करायला. तुम्ही फक्त वायफाय वापरता? मग त्यावाचून फारसं अडत नाही.

डिस्ट्रोप्रमाणे वागणूकही बदलते. आर्चचा पॅकमन नुसती यादी दाखवतो, निवड तुमची. डेबियन आणि उबुंटूमध्ये ‘रेकमेंड्स’वाली पॅकेज आपोआप येतात, ‘सजेस्ट्स’वाली येत नाहीत.

खरी गडबड होते ती जुन्या ट्युटोरियलमुळे. थिंकपॅडचं चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायला ‘एसीपीआय कॉल’ मॉड्यूल टाका, असं त्यात सांगितलेलं असतं. पण एक्स२३०, टी४३० आणि नंतरच्या बहुतेक थिंकपॅडवर हे काम २०१८ च्या कर्नल ४.१७ पासून कर्नलच करतो. एक्स२००, टी४०० अशा अगदी जुन्या मशीनला मात्र ‘टीपी एसएमएपीआय’ लागतं. गरज नसताना असं मॉड्यूल टाकलंत, तर प्रत्येक नव्या कर्नलसाठी ते पुन्हा बिल्ड होणार आणि सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसल्यामुळे अडणार.

आणखी एक भानगड. डिस्ट्रोमध्ये पॉवर सांभाळणारं टूल बहुतेक वेळा आधीच असतं. कुठे पॉवर प्रोफाइल्स डीमन, तर फेडोरा ४१ पासून ट्यून्ड. त्यावर टीएलपी चढवलं की दोघंही त्याच सेटिंग बदलतात आणि शेवटी कोणाचं चाललं ते कळत नाही. म्हणून एकच ठेवा.

आता क्रम सोपा आहे: आधी एक टूल ठरवा, मग आपलं मॉडेल बघा, मग यादीतल्या प्रत्येक पॅकेजचं एका ओळीचं वर्णन वाचा. ते काम तुम्हाला हवंय? टाका. नाही? पुढे चला. जास्त पॅकेज टाकली म्हणून बॅटरी जास्त चालत नाही.