पेशीला मूठमाती

पेशींच्या एका विशिष्ट मरणाला नाव हवे म्हणून केर, वायली आणि करी हे तीन शास्त्रज्ञ गेले कोणाकडे? ॲबर्डीन विद्यापीठातील ग्रीकचे प्राध्यापक कॉरमॅक यांच्याकडे! भाषेच्या मास्तराला असा मान क्वचितच मिळतो. त्यांनी सुचवलेला ‘ॲपॉप्टोसिस’ हा शब्द १९७२ साली छापून आला. अर्थ पानगळ.

पान मुकाट्याने गळते. ही पेशीही तशीच मरते. फुटत नाही, आतले काही सांडत नाही. आक्रसते आणि आपल्याच आवरणात स्वतःच्या पुड्या बांधून ठेवते. आपल्या शरीरात रोज अशा अब्जावधी पेशी जातात नि आपल्याला पत्ताही नसतो.

मात्र त्या उचलणाऱ्या भक्षक पेशींना पत्ता लागतो, तो कसा? फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा एक स्निग्ध पदार्थ धडधाकट पेशी आवरणाच्या आतल्या अंगाला राखते. मरणपंथाला लागली, की तो बाहेरच्या अंगाला येतो. सदरा उलटा घातल्यावर शिवण दिसावी तसा. भक्षक पेशी ती शिवण चाचपते आणि समजते. त्यांना बोलावणे धाडायला मरणारी पेशी काही रसायनेही आधीच सोडते. उलट जिवंत पेशींच्या अंगावर ‘सीडी-४७’ हे प्रथिन असते: खबरदार, हात लावू नका! कर्करोगाच्या कित्येक पेशी हेच प्रथिन भरमसाट मिरवून निसटतात. लबाडी कुठे नाही?

१८८२ साली मेसिना येथे मेच्निकॉफने तारामाशाच्या डिंभात काटा खुपसला आणि भोवती जमलेल्या भक्षक पेशी पाहिल्या. तेव्हापासून त्यांच्या शिपाईगिरीचीच वर्णने फार झाली. पण ही दुसरी चाकरी चुकली तर? न उचललेली पेशी अखेर फुटते, सूज येते. तिच्या केंद्रकातला ऐवज उघड्यावर पडला, की शरीर त्यालाच परका समजून त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते. ल्यूपस या दुखण्यामागे हेही एक कारण मानतात. वेळेवर उचलले, तर भक्षक पेशीच सूज शमवणारी द्रव्ये सोडते.

या उचलण्याला २००३ साली ‘एफेरोसायटोसिस’ हे नाव मिळाले. त्यातल्या लॅटिन धातूचा अर्थ, दफनासाठी बाहेर नेणे. मराठीत कोणी ‘मृतपेशीभक्षण’ करील, पण त्यात नुसती भूक दिसते. मला विचाराल तर ‘मूठमाती’ म्हणावे. परिभाषेची समिती हे मान्य करणार नाही, ते सोडा.