विश्लेषण : 'पाणी उकळूनही पिऊ नका!' अमेरिकेतल्या एका शहराने असा आदेश का दिला होता?

पाण्याबद्दल जरा शंका आली की घरोघरी एकच सल्ला मिळतो : पाणी उकळून, गार करून प्या. २ ऑगस्ट २०१४ च्या पहाटे अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या टोलेडो शहराने मात्र नेमकी उलटी सूचना दिली. नळाचं पाणी पिऊ नका आणि उकळूही नका, उकळल्याने धोका वाढेल!

सुमारे चार लाख लोकांचं पिण्याचं पाणी एका रात्रीत बंद झालं. दुकानांतल्या पाण्याच्या बाटल्या बघता बघता संपल्या. गव्हर्नरांनी आणीबाणी जाहीर केली आणि पाणी वाटायला नॅशनल गार्डचे जवान आले. ४ ऑगस्टला आदेश मागे घेण्यात आला. पण त्या तीन दिवसांनी उभे केलेले प्रश्न अजून सुटलेले नाहीत.

पाण्यात नेमकं काय सापडलं?

टोलेडोला पाणी मिळतं एरी तलावातून. त्या उन्हाळ्यात तलावाच्या पश्चिम भागावर हिरव्या रंगासारखा दाट थर पसरला होता. शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तपासणीत 'मायक्रोसिस्टिन' नावाचं विष आढळलं. जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी ठरवलेली मर्यादा आहे लिटरमागे एक मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. टोलेडोचं पाणी या मर्यादेच्या वर गेलं होतं.

हे विष तयार करतात सायनोबॅक्टेरिया. बोलीभाषेत त्यांना निळं-हिरवं शेवाळ म्हणतात, पण प्रत्यक्षात हे सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे जीवाणू आहेत. ते सगळेच घातक नसतात. भातशेतीत त्यांचा खत म्हणून वापर होतो. अडचण अशी की एकाच जातीतले काही जीवाणू विष तयार करतात, काही करत नाहीत, आणि नुसतं बघून ते ओळखता येत नाही.

धोका नवा नाही. १८७८ साली जॉर्ज फ्रान्सिस यांनी 'नेचर' या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या एका तलावाबद्दल लिहिलं होतं. तिथलं शेवाळ आलेलं पाणी पिऊन मेंढ्या, घोडे, कुत्री मरत होती.

उकळल्याने विष का जात नाही?

उकळल्यावर मरतात ते जंतू. मायक्रोसिस्टिन हा जंतू नाही, रसायन आहे. सात अमिनो आम्लांची कडी जुळून तयार झालेला हा रेणू इतका घट्ट असतो की उकळत्या पाण्यातही तो मोडत नाही. उलट उष्णतेने जीवाणूंच्या पेशी फुटतात आणि आतलं विष पाण्यात उतरतं. शिवाय वाफ होऊन पाणी कमी होतं, विष तेवढंच राहतं.

पोटात गेल्यावर हे विष मुख्यतः यकृतात शिरतं. पेशींमधली महत्त्वाची विकरं ते बंद पाडतं, पेशींचा सांगाडा कोसळतो आणि मोठ्या मात्रेत यकृतात रक्तस्राव होतो.

मग शेवाळच मारून टाकलं तर?

हा उपाय १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पाम आयलंडवर झाला. धरणाच्या पाण्याला वास येतो अशा तक्रारी आल्यावर शेवाळ मारण्यासाठी मोरचूद टाकण्यात आलं. काही दिवसांतच १४८ लोक आजारी पडले आणि त्यातली बहुतेक मुलं होती. उलट्या, यकृताला सूज, मूत्रपिंडाचा त्रास. सुरुवातीला या आजाराला 'गूढ आजार' म्हटलं गेलं. पुढच्या संशोधनातून कारण कळलं : मेलेल्या पेशी फुटल्या आणि 'सिलिंड्रोस्पर्मोप्सिन' हे दुसरंच विष एकदम पाण्यात मिसळलं.

सर्वांत भीषण घटना घडली १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरात. डायलिसिसच्या एका सत्रात शंभर लिटरहून जास्त पाणी लागतं आणि रुग्णाचं रक्त पातळ पडद्याआडून त्याच्या संपर्कात येतं. तिथल्या एका केंद्रात वापरलेल्या पाण्यात मायक्रोसिस्टिन होतं. १३१ रुग्णांपैकी ११६ जणांना त्रास झाला, १०० जणांचं यकृत निकामी झालं आणि किमान ५२ मृत्यूंचा संबंध या विषाशी जोडला गेला. यानंतर ब्राझीलने पिण्याच्या पाण्यात या विषाची तपासणी सक्तीची केली.

पाणी सुरक्षित कसं करतात?

संशोधनाने दिलेला धडा साधा आहे : पेशी फुटू न देता अख्ख्या बाहेर काढायच्या. म्हणून आधी पाणी निवळून गाळायचं. पाण्यात विरघळलेलं विष सक्रिय कार्बनची पूड शोषून घेते. ओझोनही ते मोडतो. सुरुवातीलाच भरपूर क्लोरीन टाकलं तर पेशी फुटतात आणि पुढचं काम अवघड होतं. हे सगळं केंद्रात होतं, घरच्या गॅसवर नाही.

एरी तलावात शेवाळ इतकं का वाढलं?

उत्तर आहे फॉस्फरस. १९६०-७० च्या दशकांतही या तलावाची अवस्था वाईट होती. १९७२ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने करार केला, सांडपाण्यातला आणि कपडे धुण्याच्या पावडरीतला फॉस्फरस कमी केला आणि तलाव सावरला.

१९९० च्या दशकात शेवाळ परतलं. या वेळी मुख्य स्रोत होता शेती. खतातला आणि जनावरांच्या मलमूत्रातला फॉस्फरस वसंतातल्या पावसात वाहून मॉमी नदीतून तलावाच्या उथळ पश्चिम भागात येतो. मग उन्हाळ्यात पाणी तापलं की शेवाळ फोफावतं. बाहेरून आलेल्या झेब्रा शिंपल्यांनी यात भर घातली. ते इतर शेवाळ खातात आणि विषारी जातीचं थुंकून टाकतात.

मग तोडगा का निघत नाही?

कारखान्याच्या किंवा सांडपाण्याच्या पाइपला अमेरिकेत परवाना लागतो, मर्यादा असतात. शेतातून वाहून येणाऱ्या पाण्याला केंद्रीय कायद्यात अशी परवान्याची अट नाही. त्यामुळे शेतकऱ्यांना अनुदान देऊन खताचा वापर सुधारायचा, असा ऐच्छिक मार्ग ओहायोने निवडला.

२०१५ मध्ये ओहायो, मिशिगन आणि कॅनडातल्या ऑन्टॅरिओने २०२५ पर्यंत फॉस्फरस ४० टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं. ते उद्दिष्ट गाठता आलं नाही. २०१९ मध्ये टोलेडोच्या मतदारांनी तर तलावालाच कायदेशीर हक्क देणारा ठराव मंजूर केला, पण एका शेतकऱ्याने आव्हान दिलं आणि २०२० मध्ये न्यायालयाने तो रद्द केला.

परिणाम असा की शुद्धीकरणाचा वाढता खर्च पाणीपट्टी भरणाऱ्यांच्या माथी येतो आणि प्रदूषण रोखायचं काम स्वेच्छेवर राहतं.

लक्षात काय ठेवायचं?

जगात कुठेही खत आणि सांडपाणी साचलेल्या, संथ, कोमट पाण्यात हे घडू शकतं. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा थर दिसला तर मुलांना, गुरांना आणि कुत्र्यांना त्यापासून लांब ठेवा. ते पाणी उकळून पिण्याचा विचार करू नका, आणि मोरचूद टाकून शेवाळ मारलं म्हणजे पाणी शुद्ध झालं, असंही समजू नका. जंतूंसाठी उकळणं आजही उत्तम उपाय आहे. या विषावर मात्र तो उपाय चालत नाही. ते थांबवायचं तर नाल्याच्या आणि शेताच्या बांधापाशीच थांबवावं लागतं.