दोन उपग्रहांमधली एकोणीस वर्षे

डॉ. के. कस्तुरीरंगन यांचे 25 एप्रिल 2025 रोजी बेंगळुरूमध्ये निधन झाले, तेव्हा टी. नगरमधील माझ्या घरी येणाऱ्या वृत्तपत्रांनी त्यांच्या पदांची आणि समित्यांची लांबलचक यादी छापली. महाराष्ट्रात तर त्यांचे नाव पश्चिम घाटाविषयीच्या 2013 च्या अहवालाशी इतके जखडले गेले आहे की, ते मुळात क्ष-किरण खगोलशास्त्रज्ञ होते, याचा विसर पडावा. समित्यांना कमी लेखणे माझ्यासारख्या निवृत्त अधिकाऱ्याला शोभणार नाही. तरीही त्यांच्या कारकिर्दीचा आरंभच मला अधिक विचार करण्याजोगा वाटतो.

माटुंग्याच्या रुईया महाविद्यालयात शिकलेला हा तरुण अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत गेला आणि 1971 मध्ये उच्च-ऊर्जा खगोलशास्त्रातील प्रायोगिक संशोधनावर त्याने डॉक्टरेट मिळवली. हे शास्त्र तेव्हा कोवळे होते. सूर्यमालेबाहेरील पहिला क्ष-किरण स्रोत 1962 मध्ये अग्निबाणावरील उपकरणाने टिपला होता. पृथ्वीचे वातावरण क्ष-किरण शोषून घेते, म्हणून शोधक उपकरण बलून, अग्निबाण वा उपग्रहातून वर न्यावे लागते. असे उपकरण दुकानात मिळत नाही. वायू भरलेला गणित्र, त्याची विद्युतयंत्रणा, त्याची चाचणी, सारे संशोधकालाच उभारावे लागते.

1975 च्या ‘आर्यभट’वर क्ष-किरणांचा एक प्रयोग होता. वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे उपग्रहावरील प्रयोग काही दिवसांतच थांबले. हिशेबतपासनिसाच्या नजरेत ते अपयशच. पण त्या कामात घडलेल्या माणसांनी पुढे काय केले, ते पाहावे. ‘भास्कर’च्या 1979 आणि 1981 च्या दोन्ही पृथ्वीनिरीक्षण उपग्रहांचे प्रकल्प संचालक कस्तुरीरंगनच होते. ज्या उपग्रहचित्रांच्या आधारे पुढे घाटातील संवेदनशील क्षेत्रे आखली गेली, त्यांची परंपरा इथूनच सुरू होते. गरीब देशाने कृष्णविवरे कशाला पाहावीत, या जुन्या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर मला ठाऊक नाही.

ते इस्रोचे अध्यक्ष असताना, 1996 मध्ये, एका दूरसंवेदन उपग्रहावर कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे तीन क्ष-किरण गणित्र अवकाशात गेले. त्यानंतरची पूर्ण वेधशाळा, ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’, 28 सप्टेंबर 2015 रोजी उडाली. मधे एकोणीस वर्षे! अठ्ठाविसाव्या वर्षी कामाला लागलेला संशोधक तोवर सत्तेचाळिशीत पोहोचतो आणि बारीक झाळणकाम करणारा कुशल तंत्रज्ञ निवृत्त होतो. त्याच्या हातातले कसब कोणत्याही अहवालात उतरत नाही.

माझ्या शेजारच्या नुंगमबाक्कममध्ये 1792 ची मद्रास वेधशाळा होती. तिचा ग्रॅनाइटचा स्तंभ अजून उभा आहे. कंपनी सरकारची दुर्बीण विलायतेहून येई, वेध घेणारे हात मात्र इथले असत. 1867 मध्ये तिथे रूपविकारी ताऱ्याचा शोध लावणारे रघुनाथाचारी हे साहाय्यक पदावरचे होते. त्याच संस्थेच्या वारसदाराने, बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने, ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ची अतिनील दुर्बीण साकारली. परंपरा टिकते ती अशी; पण ती आपोआप टिकते असे मानून धोरण आखणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला तरी धाडसाचे वाटते.

‘अ‍ॅस्ट्रोसॅट’चे नियोजित आयुष्य पाच वर्षांचे होते. 1 जानेवारी 2024 ला ‘एक्स्पोसॅट’ गेला, हे स्वागतार्हच. पण तो क्ष-किरणांच्या ध्रुवीकरणासाठीचा विशेष उपग्रह आहे, सर्वसाधारण वेधशाळा नव्हे. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने ‘दक्ष’ या दोन उपग्रहांच्या मोहिमेचा प्रस्ताव मांडला गेला आहे. अशा प्रस्तावांवर शास्त्रीय शंका घ्याव्यात, खर्चाची छाननीही कठोर करावी. मात्र पहिली मोहीम कक्षेत असतानाच दुसरीचा निर्णय व्हावा, मग तो नकार का असेना. वर्षानुवर्षे लांबलेल्या ‘विचाराधीन’ शेऱ्यापेक्षा नकार बरा. निदान तरुण संशोधक वेळीच दुसरी वाट धरतो.

दुसरे काम कमी खर्चाचे आहे. पदोन्नतीच्या समित्या शोधनिबंध मोजतात. दहा वर्षे एकच गणित्र घडवणाऱ्याच्या नावावर त्या काळात फारसे निबंध नसतात. उपकरणनिर्मितीला स्वतंत्र मूल्यमापन आणि स्वतंत्र पदे देण्यासाठी नवा कायदा लागत नाही, सेवानियमांतील दुरुस्ती पुरते.