मुंबईची शिरगणती आणि आमचे रडगाणे

खानेसुमारीचे आकडे पुढे घेऊन मुंबईसाठी गळा काढण्याची चाल आमच्या सुशिक्षित वर्गात पडली, त्याला आता बराच काळ लोटला. 2001 साली मुंबई शहर व उपनगर या दोन जिल्ह्यांत मिळून मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे 45 लाख होते, ते 2011 साली 44 लाखांवर आले. हिंदी सांगणारे मात्र 26 लाखांवरून 36 लाखांवर गेले. एवढ्यावरून मराठी माणूस मुंबईतून उठला, असा निकाल देण्यात येतो. निकाल देणाऱ्यांनी कोष्टकाचे पुढचे पान उलटले असते तर बरे झाले असते.

त्याच दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची एकंदर वस्तीच 33.38 लाखांवरून 30.85 लाखांवर उतरली, आणि तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची 81 लाखांवरून 110 लाखांवर चढली. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. लालबाग-परळात मनोरे उभे राहिले, आणि चाळीतली कितीतरी कुटुंबे डोंबिवली-बदलापूरकडे गेली. घरचा कर्ता सकाळच्या लोकलने मुंबईतच कामाला येतो; शिरगणतीत मात्र तो ठाण्याचा. जिल्ह्याची रेषा ओलांडली म्हणजे मनुष्य नाहीसा झाला काय?

शिवाय, ज्या 'हिंदी'चे एवढे भय वाटते ती खानेसुमारीत एक भाषा नसून गाठोडे आहे. भोजपुरी, मारवाडी, राजस्थानी, सर्व त्यात. आमच्या वऱ्हाडातल्या तांड्यावरील बंजाऱ्याने आपली बोली लमाणी म्हणून सांगितली, तर तोही हिंदी भाषिकांत जमा! असो.

खरे आश्चर्य निराळेच आहे. मुंबईत मराठी बोलणारे निम्म्याहून कमी, सबब मुंबई महाराष्ट्राची नव्हे, हा युक्तिवाद मुळात संयुक्त महाराष्ट्राच्या विरोधकांचा. 1948 साली दार कमिशनपुढे निवेदन देऊन डॉ. आंबेडकरांनी त्याचा समाचार घेतला. कलकत्त्यातही परप्रांतीयांची वस्ती आहे, तेथील व्यापारही त्यांच्या हाती आहे. मग कलकत्ता बंगालपासून तोडावयाचे काय, अशा आशयाचा त्यांचा सवाल होता. 1960 साली मुंबई महाराष्ट्रात राहिली ती डोक्यांच्या बेरजेवर नव्हे. आज त्याच बेरजेवर मुंबईचा हक्क तोलण्यास आमचे कैवारी निघाले आहेत, आणि आपण विरोधकांचीच वकिली करतो, हे त्यांच्या ध्यानीही येत नाही. आमच्या अकोल्याच्या बाजारात मराठी, उर्दू, मारवाडी, कच्छी, सिंधी एकाच फेरीत कानी पडतात. पण अकोला वऱ्हाडाचे की नाही, हे ठरविण्यास कोणी डोकी मोजीत बसले नाही.

मोजावयाचेच असेल तर मुंबई महानगरपालिकेच्या मराठी शाळांचा पट मोजावा. तो वर्षानुवर्षे उतरत आहे आणि शाळा बंद पडत आहेत. हा ऱ्हास बिहारातून आलेल्या हमालाने केलेला नाही. त्या पटावर आपल्या नातवाचे नाव का नाही, एवढे मात्र ही रडगाणी लिहिणाऱ्या विद्वानांनी अद्याप सांगितलेले नाही.