समजले का?

‘समजले का?’ हा आपल्या वर्गांतून विचारला जाणारा सर्वांत निरुपयोगी प्रश्न आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तास संपायला पाच मिनिटे उरली की सर हातातले पुस्तक मिटतात, चष्म्यावरून एकवार वर्गाकडे पाहतात आणि हा प्रश्न टाकतात. पुढच्या दोन बाकांवरून ‘हो सर’ असा आवाज येतो. मागच्या बाकांवरून काहीच येत नाही. त्या शांततेचा अर्थ होकार असा लावून सर पुढच्या प्रकरणाकडे वळतात. सरांनी तरी काय करावे? एकशेवीस डोक्यांत काय चालले आहे हे कळायला त्यांच्यापाशी साधन कोणते? ते कळते उत्तरपत्रिका तपासताना, आणि तेव्हा कळून कोणाचाच उपयोग नसतो.

असे एक साधन परदेशांतील विद्यापीठांत बरीच वर्षे वापरात आहे. त्याला क्लिकर म्हणतात. माझी मावसबहीण अमेरिकेत शिकायला होती, तिच्याकडून मी त्याबद्दल प्रथम ऐकले. टीव्हीच्या रिमोटसारखी, पण त्याहून आटोपशीर अशी एक डबी आणि तिच्यावर पाच पर्यायांची पाच बटणे. प्राध्यापक पडद्यावर प्रश्न दाखवतात, खाली पर्याय देतात. प्रत्येकाने आपापले बटण दाबायचे. क्षणार्धात पडद्यावर उभे स्तंभ दिसू लागतात : इतक्या टक्क्यांना ‘अ’ वाटते, इतक्यांना ‘ब’. आता अनेक ठिकाणी वेगळी डबी लागत नाही, खिशातला मोबाइलच ते काम करतो.

हे वाचून कोणाला वाटेल की आता ही यंत्रे आणली म्हणजे आपल्याकडचे शिक्षण सुधारलेच! म्हणून आधीच सांगते, मी यंत्राची वकिली करायला बसलेली नाही. यंत्र तसे नवेही नाही. १९६०च्या दशकातच स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल या अमेरिकन विद्यापीठांतून बटणांची अशी व्यवस्था बसवली गेली होती. मुलांना ती फार आवडली. मात्र त्या काळात झालेल्या अभ्यासांतून निघाले ते असे, की आवड वाढली तरी शिकणे काही वाढले नाही. कारण उघड आहे. प्राध्यापक आकडे पाहत आणि पुन्हा व्याख्यान सुरू करीत. ताप मोजला म्हणून रोगी बरा होत नाही.

खरा बदल घडला तो हार्वर्डमध्ये, आणि तोही बटणांवाचून. एरिक माझुर हे तिथले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांची व्याख्याने मुलांना आवडत, अवघड गणिते त्यांची मुले सोडवीत. १९९०च्या सुमारास त्यांच्या वाचनात एक लेख आला. नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्या मुलांना न्यूटनचे नियम पाठ असतात, पण कळलेले नसतात, असे त्यात दाखवले होते. हार्वर्डच्या मुलांच्या बाबतीत असे होणे शक्य नाही, या खात्रीने त्यांनी एक साधी चाचणी घेतली. अवजड ट्रक आणि छोटी मोटार यांची टक्कर झाली तर कोण कोणावर अधिक जोर लावतो, अशा तऱ्हेचे प्रश्न. (जोर दोन्हीकडून सारखाच असतो. मी कला शाखेची, मला हे वाचूनच कळले!) तेव्हा एका विद्यार्थिनीने त्यांना विचारले, की उत्तरे तुम्ही शिकवलेत त्याप्रमाणे लिहू की मला स्वतःला वाटते तशी लिहू?

हा प्रश्न मला फार मोठा वाटतो. परीक्षेसाठी एक डोके आणि जगण्यासाठी दुसरे, ही सोय आपणही सगळ्यांनी करून ठेवलेली आहे, नाही का?

चाचणीचे निकाल पाहून माझुर चकित झाले. त्यांनी एक प्रश्न परोपरीने समजावून सांगितला, तरी वर्ग गोंधळलेलाच. शेवटी कंटाळून म्हणाले, आपसांत बोला. वर्गात एकच कल्लोळ झाला आणि काही मिनिटांत मुलांनी एकमेकांना ते समजावून दिले. त्यातून १९९१ पासून त्यांनी आपली पद्धत बसवली. थोडे शिकवायचे आणि एक प्रश्न टाकायचा. प्रत्येकाने कोणाशी न बोलता उत्तर द्यायचे. साधारण तीस ते सत्तर टक्के उत्तरे बरोबर असतील, तर शेजाऱ्याशी बोलायला दोन-तीन मिनिटे द्यायची. ज्याचे उत्तर आपल्याहून वेगळे आहे त्याला पटवायचे. मग पुन्हा उत्तर घ्यायचे. सुरुवातीला मुले हे बोटांनी आणि पत्त्यांनी करीत, क्लिकर नंतर आले.

कोणी म्हणेल, वर्गातल्या हुशार मुलाचे उत्तर बाकीचे उचलत असतील. ही शंका २००९ साली कोलोरॅडो विद्यापीठाच्या जीवशास्त्र-शिक्षकांनी तपासली. चर्चेनंतर त्यांनी त्याच कल्पनेवरचा दुसरा, नवा प्रश्न एकेकट्याला सोडवायला दिला. ज्या गटांत सुरुवातीला एकालाही बरोबर उत्तर येत नव्हते, त्या गटांतील मुलांनीही प्रगती दाखवली! म्हणजे दोन आंधळ्यांनी चाचपडत का होईना, वाट काढली. आणि गंमत अशी की कॅनडातल्या नॅथॅनियल लॅस्री या अध्यापकांनी २००८ साली क्लिकर आणि साधे पुठ्ठ्याचे पत्ते यांची तुलना केली, तेव्हा मुलांच्या शिकण्यात फरक आढळला नाही.

मग नुसते हात वर करून का चालत नाही? याचे उत्तर माझ्या विषयात, मानसशास्त्रात, आहे. सॉलोमन अॅश यांचा रेघांचा प्रयोग प्रसिद्ध आहे, त्याचा पहिला वृत्तांत १९५१ साली छापला गेला. समोरच्या रेघांतली कोणती सारख्या लांबीची आहे, एवढेच सांगायचे. पण आधीची माणसे ठरवून चुकीचे उत्तर देत, आणि ते ऐकून खऱ्या प्रयुक्तांची सुमारे एक तृतीयांश उत्तरे बहुमताच्या मागे गेली. डोळ्यांना धडधडीत दिसत असूनही! तेच उत्तर कागदावर गुपचूप लिहायला सांगितले, की हे प्रमाण फार घटले. आमच्या वर्गात हात वर करायला सांगितले की मान आधी पहिल्या बाकाकडे वळते, ती यामुळेच. क्लिकरचे, आणि पत्त्याचेही, खरे देणे हे आहे : उत्तर देण्याआधी कोणाचे तोंड पाहावे लागत नाही.

आणि नेमके इथेच विद्यापीठांनी घोळ घातला. डबीला क्रमांक असतो, तो विद्यार्थ्याच्या नावावर नोंदवतात. तसे झाले की हजेरी आयती मिळते, उत्तरांना गुण देता येतात. माझ्या बहिणीच्या विद्यापीठात डबी स्वतःच्या पैशाने घ्यावी लागे; एके दिवशी तिच्या डबीची बॅटरी संपली आणि त्या दिवसाचे तिचे गुण गेले. ज्या बटणाने लाजऱ्या मुलीला बोलते करायचे, तेच तिच्यावर पहारा ठेवू लागले. मग मुलेही पहारा चुकवायला शिकतात. डार्टमथ कॉलेजात २०१४ साली खेळ, नीती आणि धर्म या विषयाच्या वर्गात गैरहजर मुलांच्या डब्या मित्र दाबताना आढळले आणि साठांहून अधिक विद्यार्थ्यांवर ठपका आला. नीतीच्या तासाला! आपल्याकडे याला ‘प्रॉक्सी’ म्हणतात आणि त्यासाठी यंत्र लागत नाही, एवढाच काय तो फरक. पंचाहत्तर टक्के हजेरीच्या नियमाखाली वावरणाऱ्या आपल्या महाविद्यालयांत क्लिकर आले, तर ते पहिल्या दिवसापासून हजेरीपटच होतील, अशी मला भीती वाटते.

आता आपल्या कला शाखेचे काय? इथे बरोबर उत्तर एकच नसते, म्हणून ही पद्धत विज्ञानवाल्यांची, असे आमच्या एका मैत्रिणीचे म्हणणे. मला उलटे वाटते. ‘नटसम्राट’ कोणी लिहिले, असा प्रश्न विचारला तर ते गाइड झाले. त्यात बोलण्यासारखे काही नाही. पण अप्पासाहेब बेलवलकरांच्या दुर्दैवाचे मूळ कशात आहे, असे विचारा. अ) मुलांच्या कृतघ्नपणात, ब) होते-नव्हते ते वाटून टाकण्याच्या त्यांच्या स्वतःच्या निर्णयात, क) घरातही न उतरलेल्या नटपणात, ड) बदललेल्या कुटुंबात. वर्ग चौफळा होईल. आणि जिने ‘अ’वर बोट ठेवले तिला शेजारणीला सांगताना नाटकातला प्रसंग आठवावाच लागेल. इथे चूक-बरोबर नाही, पण आधार आहे की नाही हे मात्र आहे.

काही प्रश्न याहून जवळचे असतात. समाजशास्त्राच्या तासाला ‘तुमच्या घरी आंतरजातीय विवाह चालेल का’ असे हात वर करून विचारले, तर सभ्यपणाने सगळे हात वर जातील आणि सर जातिव्यवस्थेच्या ऱ्हासावर पुढे बोलू लागतील. नाव नसलेली उत्तरे काय निघतील याची मला खरोखर उत्सुकता आहे, आणि थोडी धास्तीही. अशा प्रश्नांना पत्तेसुद्धा नकोत, कारण सरांना चेहरा दिसतो. तिथे घडी केलेल्या चिठ्ठ्या आणि एक रिकामा डबा बरा.

अभ्यासक्रम कसा पुरा होणार, ही प्राध्यापकांची अडचण खोटी नाही. माझुर यांनी त्यावर तोड काढली ती अशी, की पाठ मुलांनी आधी वाचून यायचा. वर्गात पुस्तक वाचून दाखवायचे नाही. म्हणजे ओझे आपल्यावर आले. हे छापून आल्यावर माझे वर्गबंधू मला काय म्हणतील ते मी आताच ऐकू शकते!

रंगीत कार्डशीट कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते. पुढच्या वर्षी आठवड्यातून निदान एका तासाला चार रंगांचे पत्ते वापरून पाहावेत, असा अर्ज आम्ही काही जणींनी विभागप्रमुखांकडे दिला आहे. त्यात एकच अट आहे : पत्त्यावर नाव किंवा रोल नंबर लिहायचा नाही आणि कोणी कोणता रंग धरला याची नोंद कोणत्याही वहीत करायची नाही.